दाढ काढल्यावर चिठ्ठीत ट्रॅमाडॉल आलं, तर घेण्याआधी हे वाचा

बेळगाव : अक्कलदाढ काढून चंदगडच्या बसमध्ये बसलेल्या माणसाला शिनोळीपर्यंत काही वाटत नाही. गाल जड असतो, ओठ सुन्न असतो, तोंडात कापसाचा बोळा असतो. घरी पोहोचेपर्यंत भूल उतरते आणि ठणका सुरू होतो. रात्री दहा वाजता गावातलं मेडिकल बंद असतं, डॉक्टरांचा फोन लागत नाही. मग पिशवीतली चिठ्ठी आणि गोळ्यांच्या तीन पट्ट्या समोर ठेवून घरातले विचार करत बसतात, की यातली दुखण्याची गोळी कुठली आणि आणखी एक घेतली तर चालेल का?

सीमाभागात हे नेहमीचं चित्र आहे. बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत आणि खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. खानापूर, निपाणीबरोबरच महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजचे लोकही दातांसाठी इथेच येतात. गोव्याकडचे लोक बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जातात. उपचार एका राज्यात होतो, औषध दुसऱ्या राज्यात घेतलं जातं आणि त्रास झाला तर तिसराच डॉक्टर बघतो. चिठ्ठी इंग्रजीत असते, दुकानदार घाईत कन्नडमध्ये सांगतो आणि घरी आजीला ते मराठीत समजावून सांगायचं असतं. साध्या गोळ्यांच्या बाबतीत यात फारसं बिघडत नाही. पण चिठ्ठीत ट्रॅमाडॉल असेल, तर बिघडू शकतं.

ट्रॅमाडॉल म्हणजे काय?

ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड गटातलं औषध आहे. अफूपासून निघणारं मॉर्फिन, कोडीन आणि त्यांच्यासारखंच काम करणारी कारखान्यात तयार होणारी औषधं मिळून हा गट होतो. ट्रॅमाडॉल कारखान्यात तयार होतं. मॉर्फिनपेक्षा ते सौम्य आहे, पण गट तोच. दातांच्या उपचारानंतर ते बहुतेक वेळा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत दिलं जातं. त्यात ट्रॅमाडॉल 37.5 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. गोळीचं नाव कंपनीप्रमाणे बदलतं, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. पट्टीच्या मागचा बारीक मजकूर वाचावा लागतो.

एक खूण मात्र सोपी आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणाऱ्या औषधाच्या पट्टीवर डाव्या बाजूला वर लाल अक्षरात 'एनआरएक्स' छापलेलं असतं. साध्या चिठ्ठीच्या औषधावर नुसतं 'आरएक्स' असतं. पुढे 'एन' दिसला, की ही गोळी वेगळी आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ट्रॅमाडॉल 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहे. म्हणजे केमिस्टने ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची नोंद करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. त्यानंतर एप्रिल 2018 मध्ये केंद्र सरकारने ते 1985 च्या एनडीपीएस कायद्याखाली आणलं. नशेसाठी होणारा वापर आणि बेकायदा व्यापार हे त्यामागचं कारण होतं. तेव्हा दुकानदाराने नाव-पत्ता विचारला तर चिडू नये. तो त्याचं काम करतोय. चिडायचं तर न विचारता देणाऱ्यावर चिडावं.

दाढेचं दुखणं नेमकं कशामुळे?

ओपिऑइड लागतं की नाही हे समजण्याआधी दुखतं कशामुळे ते बघायला हवं. अक्कलदाढ हाडात अडकलेली असेल तर हिरडी कापावी लागते, थोडं हाड काढावं लागतं आणि नंतर टाके घालावे लागतात. ही जखम भरून काढण्यासाठी शरीर त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते, जागा लाल होते आणि मज्जातंतू हळवे होऊन ठणका लागतो. म्हणजे दुखणं सुजेचं असतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, केटोरोलॅक या गोळ्या नेमकी ही रसायनं तयार होणं कमी करतात. दुखण्याच्या मुळावरच त्या काम करतात. ट्रॅमाडॉल सूज कमी करत नाही. ते मेंदू आणि मज्जारज्जूत जाऊन दुखण्याची जाणीव कमी करतं. गळणाऱ्या नळाखाली बादली ठेवणं आणि नळ बंद करणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

दुखण्याचं वेळापत्रकही साधारण ठरलेलं असतं. भूल उतरल्यापासून पहिले 24 ते 48 तास सर्वात त्रासाचे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसते. त्यानंतर उतार पडतो आणि बहुतेकांना चार-पाच दिवसांत गोळीची गरज उरत नाही. म्हणून दहा दिवसांच्या 'पॉवरफुल' गोळ्यांचं काही कारण नसतं.

अमेरिकेने चुकून काय शिकलं

या विषयावरचा सर्वात मोठा धडा अमेरिकेतून येतो. तिथे अक्कलदाढ काढणं ही कॉलेजच्या वयातल्या मुलांची नेहमीची गोष्ट आणि त्यानंतर हायड्रोकोडोनसारख्या ओपिऑइड गोळ्यांची चिठ्ठी हीसुद्धा वर्षानुवर्षं नेहमीचीच. अनेकांच्या आयुष्यातली पहिली ओपिऑइड गोळी दाताच्या डॉक्टरकडून आली.

2016 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रुग्णांचा हिशेब मांडला. ओपिऑइड मिळालेल्यांना सरासरी 28 गोळ्या दिल्या गेल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्यातल्या सरासरी 15 शिल्लक होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. या उरलेल्या गोळ्या घरातल्या कपाटात राहतात आणि तिथून कोणाच्याही हाती लागू शकतात.

दुसरा अभ्यास 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात आला. 16 ते 25 वयाच्या ज्या तरुणांना दंतवैद्याकडून पहिल्यांदा ओपिऑइड मिळालं, त्यातल्या 6.9 टक्के जणांना पुढच्या तीन महिने ते एक वर्षाच्या काळात पुन्हा ओपिऑइडची चिठ्ठी मिळाली. ज्यांना सुरुवातीला मिळालं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण 0.1 टक्के होतं. याच काळात ओपिऑइडच्या गैरवापराचं निदान पहिल्या गटात 5.8 टक्के आणि दुसऱ्या गटात 0.4 टक्के जणांत झालं. प्रत्येक मुलाला व्यसन लागतं असा याचा अर्थ नाही. पण दोन-तीन दिवसांच्या दुखण्यासाठी एवढी जोखीम कशाला, हा प्रश्न उरतोच.

मग तिकडे इतर देश काय करतात हेही बघितलं गेलं. 2016 च्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या एकूण औषधचिठ्ठ्यांपैकी 22.3 टक्के ओपिऑइडच्या होत्या. इंग्लंडमध्ये हे प्रमाण होतं 0.6 टक्के. दाढा दोन्हीकडे सारख्याच निघतात. इंग्लंडमधले रुग्ण काही रात्रभर ओरडत बसत नाहीत.

2021 मध्ये अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मेलेल्यांची संख्या एका वर्षात एक लाखाच्या वर गेली. त्यातले बहुतेक मृत्यू ओपिऑइडमुळे झाले. अर्थात हे सगळं दंतवैद्यांमुळे झालेलं नाही, बेकायदा फेंटानिल हे त्याचं मोठं कारण आहे. पण चिठ्ठी लिहिताना हात आखडता घेण्याची गरज तिथल्या दंतवैद्यांना पटली.

आता सल्ला काय आहे?

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या पाठिंब्याने 2024 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. दाढ काढल्यानंतर किंवा दात दुखत असताना पहिली निवड ओपिऑइड नसलेल्या गोळ्यांची. आयबुप्रोफेनसारखी सूज कमी करणारी गोळी एकटी किंवा पॅरासिटामॉलबरोबर. तेवढ्याने भागलं नाही तरच ओपिऑइड, तेही कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस. 'लागलं तर असू दे' म्हणून आधीच ओपिऑइड लिहून देण्याची सवय सोडावी, असंही त्यात म्हटलं आहे. किशोरवयीन आणि तरुण रुग्णांच्या बाबतीत तर जास्तच जपून.

जानेवारी 2025 मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. अडकलेली अक्कलदाढ काढलेल्या 1,800 हून अधिक लोकांचे दोन गट केले होते. एका गटाला हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल, दुसऱ्याला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. कोणाला काय दिलंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आणि पहिल्या रात्री, म्हणजे दुखणं सर्वात जास्त असताना, ओपिऑइड नसलेल्या गटाचं दुखणं कमी होतं. नंतरच्या दिवसांतही तो गट मागे पडला नाही. 'जास्त स्ट्राँग गोळी म्हणजे जास्त आराम' हा समज या चाचणीत टिकला नाही.

ट्रॅमाडॉल कोणाला जास्त धोक्याचं?

मळमळ, उलटी, चक्कर, गुंगी आणि बद्धकोष्ठ हे त्रास कोणालाही होऊ शकतात. दाढ काढलेल्या माणसाला उलटी होणं म्हणजे वेगळीच आफत. पण काही जणांच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे.

12 वर्षांखालच्या मुलांना ट्रॅमाडॉल देऊ नये, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्येच जाहीर केलं. काही मुलांच्या शरीरात या औषधाचं रूपांतर फार वेगाने होतं आणि श्वास मंद होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही याच कारणाने ते टाळायला सांगितलं आहे, कारण दुधातून ते बाळापर्यंत जातं.

ज्यांना फिट येते किंवा पूर्वी आली आहे, त्यांना ट्रॅमाडॉलने झटका येण्याची शक्यता वाढते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतलं तर अंग थरथरणं, घाम, ताप, गोंधळल्यासारखं होणं असा गंभीर त्रास होऊ शकतो. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलम, आणि दारू यांच्याबरोबर तर अजिबात नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. 'दुखतंय म्हणून एक पेग मारला आणि गोळी घेतली' हे दोन्हींचं मिश्रण जिवावर बेतू शकतं.

मधुमेहाच्या रुग्णांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ट्रॅमाडॉलने काहींची साखर उतरते. त्यात तोंड दुखतंय म्हणून जेवण नाही आणि साखरेची गोळी मात्र वेळेवर, असं झालं तर घाम, थरथर, ग्लानी येऊ शकते. दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी.

आणि गाडी चालवू नये. गोळी घेऊन दुचाकीवरून घाट उतरणं हा धाडसीपणा नाही, मूर्खपणा आहे.

साध्या गोळ्यांनाही नियम आहेत

याचा अर्थ आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कोणीही कितीही घ्यावं असा नाही. किडनीचा विकार, पोटातला अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा आणि गर्भारपण यांत या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. डेंग्यूची शंका असेल तरी टाळाव्यात. आपल्याकडे दाताच्या दुखण्यावर केटोरोलॅक भरपूर दिलं जातं. ते पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. 'मागच्या वेळी बरं वाटलं होतं' म्हणून मेडिकलमधून परत परत आणणं पोटाला आणि किडनीला महागात पडतं. ज्यांना या गटातली औषधं चालत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर पॅरासिटामॉल आणि गरज पडलीच तर मोजक्या ट्रॅमाडॉलचा विचार करतात. म्हणजे ट्रॅमाडॉलला जागा आहे, पण ती पहिली नाही.

सर्वात जास्त चूक होते ती पॅरासिटामॉलच्या बेरजेत. निरोगी मोठ्या माणसासाठी 24 तासांत जास्तीत जास्त 4,000 मिलिग्रॅम ही मर्यादा. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून बरीच कमी. आता हिशेब करा. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. दिवसातून चार वेळा घेतली की झाले 1,300. ताप वाटला म्हणून घरातली 650 ची गोळी चार वेळा, म्हणजे 2,600. एकूण 3,900. त्यावर सर्दीची एक गोळी घेतली, की मर्यादा ओलांडली, कारण सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. माणसाला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली, पण लिव्हरवर एकाच औषधाचा भार पडलेला असतो.

चिठ्ठी हातात आल्यावर काय विचारावं?

दंतवैद्याच्या खुर्चीवरून उठताना तोंड बधिर असतं, बोलता येत नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसाने विचारावं.

- यात सुजेची गोळी कुठली, अँटिबायोटिक कुठलं आणि ट्रॅमाडॉल आहे का?
- पहिली गोळी कधी घ्यायची? भूल उतरण्याआधीच पहिला डोस घेतला तर ठणका आटोक्यात राहतो, म्हणून बरेच डॉक्टर तसं सांगतात.
- ट्रॅमाडॉल असेल तर ते वेळेवर घ्यायचं की फक्त साध्या गोळीने भागलं नाही तरच?
- किती गोळ्या आणि किती दिवस? दोन-तीन दिवसांच्या पुरेत का?
- रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?

'1-0-1' असं लिहिलेलं असलं तर दुकानदाराकडून पाकिटावर 'सकाळी एक, रात्री एक' असं मराठीत लिहून घ्यावं किंवा तिथेच उभं राहून स्वतः लिहावं. घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी हे सर्वात उपयोगी काम आहे.

नियमाप्रमाणे चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरांची सही, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस असायला हवा. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही. राज्याची हद्द ओलांडून गोळ्या नेताना चिठ्ठी आणि बिल दोन्ही सोबत ठेवावं. स्वतःच्या उपचाराची चार गोळ्यांची पट्टी असली, तरी कागद असलेला बरा.

तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर गोळी वाढवू नका

सर्वसाधारणपणे दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानापर्यंत कळ जाऊ लागली, तोंडाला वास येऊ लागला तर 'ड्राय सॉकेट' असू शकतं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची जी गाठ बसते ती निघून गेली, की खालचं हाड उघडं पडतं. यावर उपाय म्हणजे डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरणं. ट्रॅमाडॉल वाढवून हे बरं होत नाही, फक्त लपतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना याचा धोका जास्त. आपल्याकडे दाढ दुखली की मिश्री लावायची सवय अजून आहे. दाढ काढल्यावर मिश्री, तंबाखू, गुटखा जखमेजवळ जाता कामा नये.

ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, गळ्याखाली सूज पसरणं, न थांबणारं रक्त ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. गोळी घेतलेला माणूस हाक मारून उठत नसेल किंवा श्वास फार मंद वाटत असेल, तर 108 ला फोन करावा आणि पट्टी सोबत न्यावी.

गोळीशिवाय करण्यासारखंही बरंच आहे. पहिल्या दिवशी बाहेरून गालावर थोड्या थोड्या वेळाने बर्फ, उशी उंच करून झोपणं, थंड आणि मऊ खाणं. पहिले 24 तास गुळण्या नाहीत, जोरात थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

आपल्याकडे औषध टाकायचं जिवावर येतं. पैसे दिलेले असतात. 'असू दे, कोणाला तरी लागेल' म्हणून पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जाते. मग कंबर दुखणाऱ्या काकूंना एक, परीक्षेचं टेन्शन आलेल्या मुलाच्या हाती एक, असं होत जातं. ट्रॅमाडॉलच्या बाबतीत हे होऊ देऊ नये. केंद्रीय औषध नियामकाने 2025 मध्ये काढलेल्या सूचनांत ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल यांच्यासह 17 औषधं कचऱ्यात न टाकता शौचालयात फ्लश करावीत असं सांगितलं आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुळात कमी घेणं. दहाची पट्टी लिहिली असली, तरी डॉक्टरांना 'सहा पुरतील का?' असं विचारता येतं.

घरातल्या कोणाला दुखणं संपल्यावरही गोळी लागत असेल, ती नसली की अस्वस्थपणा, घाम, झोप न येणं असं होत असेल, तर लपवू नये. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा क्रमांक 14416 असून तिथे मराठीतही बोलता येतं.

औषध वाईट नाही, जागा चुकते

शेवटी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ओपिऑइड हे शत्रू नाहीत. निमच, मंदसौरच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते, ती औषधासाठीच. तरीही आपल्या देशात कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन मिळवताना वर्षानुवर्षं हाल काढावे लागले, कारण 1985 च्या कायद्याचे परवाने इतके किचकट होते, की दवाखाने ते ठेवायलाच तयार नसत. 2014 मध्ये कायद्यात बदल करून मॉर्फिनसह काही औषधांसाठी ती वाट सोपी करण्यात आली. म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे त्याला मिळत नाही आणि दोन दिवसांच्या दाढदुखीला सहज मिळतं, असा हा उलटा कारभार आहे.

दाढ काढून घरी आलेल्या माणसाला आराम मिळायलाच हवा, दुखणं सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. फक्त तो आराम बहुतेक वेळा साध्या गोळीत, वेळेवर घेतलेल्या डोसात आणि गालावरच्या बर्फात असतो. लाल 'एनआरएक्स'ची पट्टी चिठ्ठीत आलीच, तर ती कशासाठी आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नये.